झुडपी रान आणि जेरघाटातील मेंढरे

नागपुराहून छिंदवाड्यास जाणारा रस्ता सौसरपर्यंत काळ्या कसदार जमिनीतून जातो. दोन्ही बाजूंस पऱ्हाटी, तूर, ज्वारी आणि संत्र्यांच्या बागा दिसतात. सौसर मागे पडले, की सातपुड्याचा कडा समोर उभा राहतो आणि रस्ता सिलेवानीच्या घाटास लागतो. घाटावरच्या प्रदेशास जुन्या कागदपत्रांत बालाघाट म्हणत आणि पायथ्याच्या सखल पट्ट्यास जेरघाट. 'जेर' म्हणजे खालचा. सौसर आणि पांढुर्णा ही दोन्ही ठिकाणे या जेरघाटातली. येथील मराठी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव महाराष्ट्रातही सर्वांच्या कानावरून गेलेले असते. हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्यातून निघून २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला.

काळे शेत संपते आणि घाटातले सागवानी जंगल अजून सुरू व्हावयाचे असते, त्या दोहोंच्या मधे एक चिंचोळा, खडकाळ, मुरमाड पट्टा आहे. त्यात पळस आहे, बोर आहे, खैर, हिवर, धावडा, तेंदू अशी खुरटी झाडे आहेत आणि त्यांच्या सावलीबाहेर कुसळी व मारवेलाचे गवत आहे. नांगर येथे चालत नाही. इमारती लाकूडही मिळत नाही. म्हणून शेतकऱ्याने त्यास पडीक मानले, तर वनखात्याने बिघडलेले जंगल. पण मेंढरू पाळणाऱ्याच्या हिशेबात हाच पट्टा वर्षाचा आधार होता. त्या पट्ट्याचा इतिहास हा बव्हंशी या प्रदेशातील मेंढरांच्या अर्थकारणाचाही इतिहास आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. सरकारी दप्तरात 'शेळ्या-मेंढ्या' हा जोडशब्द इतका रुळला आहे, की दोन्ही जनावरे एकाच स्वभावाची असावीत असे वाटू लागते. वस्तुतः शेळी मागच्या पायांवर उभी राहून झाडाचा शेंडा खाते, मेंढी मान खाली घालून जमिनीलगतचे गवत व तण खाते. पाला आणि बाभळीच्या शेंगा तिला आवडतात, परंतु त्या खाली पडलेल्या किंवा मेंढपाळाने आकडीने पाडून दिलेल्या असाव्या लागतात. शेळीला दाट रान मानवते. मेंढीला उघडे, कोरडे, विरळ झाडीचे रान हवे. दाट गवताळ जंगलात शिरली तर कुसळीची टोकदार बीजे लोकरीत अडकून कातडीत रुततात. ओलीत राहिली तर तिचे खूर कुजतात आणि पाणथळ जागच्या गोगलगायींमार्फत पोटात गेलेल्या चपट्या कृमी यकृत पोखरतात. तात्पर्य, जंगल मेंढीला हवे असते, पण सगळे जंगल नव्हे आणि सगळे वर्षभर तर मुळीच नव्हे.

यावरून मेंढपाळाचे वर्ष कसे आखले गेले, हे कळून येते. दिवाळीनंतर मूग-उडदाची व पुढे ज्वारीची शेते मोकळी होतात. माघ-फाल्गुनात कापसाची शेवटची वेचणी उरकते. तेव्हापासून मृगापर्यंत मेंढरांचा खरा मुक्काम शेतातच असतो. दिवसा ती धुऱ्यावरचे गवत, ज्वारीची फुटवे, पऱ्हाटीचा पाला आणि अपक्व बोंडे खातात. रात्री एखाद्या शेतकऱ्याच्या वावरात बसविली जातात. दुपारच्या उन्हाची वेळ झुडपी रानात, नाल्याच्या काठी निघते. पाऊस पडला की सारे उलटते. शेतात पेरणी होते, वावरे बंद होतात आणि आषाढापासून आश्विनापर्यंतच्या चार महिन्यांत कळपाला उभे राहण्यास त्या मुरमाड, निचऱ्याच्या झुडपी पट्ट्यावाचून जागा राहत नाही. आठ महिन्यांचा चारा शेतकऱ्याच्या मर्जीवर मिळतो, हे चार महिने मात्र रानाने काढून द्यावयाचे असतात. कळप मोठा ठेवावयाचा की लहान, हे मेंढपाळ या चार महिन्यांवरून ठरवी. उन्हाळ्यात चारा कितीही असो, पावसाळ्यात जेवढी मेंढरे उभी राहतील तेवढीच त्याला परवडत. 'पद्धतशीर चराई' म्हणून आज जे शिकविले जाते, त्याचा गाभा त्याच्या या हिशेबात होता.

देवगडच्या गोंड राजांच्या व पुढे नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत या रानाला मोजणी नव्हती. डोंगरांत गवळी गुरे पाळीत. गवळाऊ हा पांढरा, चपळ बैल याच मुलखातला. मराठी फौजांचे सामान वेगाने वाहण्यात त्याचा लौकिक होता. वस्तीच्या मानाने रान अफाट होते, म्हणून कोणाचे जनावर कोठे चरते याची तक्रार क्वचितच होई. तो काळ सुखाचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. रोगराई, लांडगे, बिबटे आणि दुष्काळ कळपाला आवरून धरीत, एवढाच त्याचा अर्थ.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले निवर्तले आणि पुढील वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्यप्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या रानावर दोन्ही बाजूंनी रेषा ओढल्या गेल्या. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोचली. त्याबरोबर काळ्या जमिनीलगतचे जेवढे पडीक नांगरता येईल तेवढे नांगराखाली आले. दुसरीकडे जमाबंदी होऊन गावे मालगुजारांच्या मालकीची ठरली व गावांच्या हद्दीबाहेरचे रान सरकारजमा झाले. १८७८ च्या वनकायद्यानंतर मध्यप्रांतातील सरकारी रानाचा बहुतेक भाग 'राखीव' म्हणून जाहीर झाला. त्या रानात पाय ठेवावयाचा तर परवाना, परवान्यास फी आणि चुकल्यास नाकेदाराकडून कोंडवाडा. कोंडवाड्याचा कायदा १८७१ चाच होता. आता त्याला नवीन काम मिळाले.

चराईच्या फीमागे एक तत्त्व होते आणि ते समजून घेण्यासारखे आहे. नांगराचा बैल व घरची गाय ही शेतीची जनावरे, म्हणून त्यांना सवलत. विक्रीसाठी बाळगलेले जनावर हे व्यापाराचे, म्हणून त्यास चढा दर. शेळ्या-मेंढ्यांना तर अनेक राखीव रानांत मज्जावच होता. वरकरणी ही विभागणी न्याय्य वाटते. परंतु तिने मेंढपाळास शेतीच्या वर्तुळाबाहेर काढून व्यापाऱ्याच्या पंक्तीस बसविले, आणि येथेच हिशेब चुकला. कारण मेंढी नांगर ओढीत नसली, तरी नांगरलेल्या जमिनीला सर्वांत कसदार खत तीच देते. शेतकीच्या पाठ्यपुस्तकांत शेणखतामध्ये नत्राचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आणि लेंडीखतामध्ये सुमारे ३ टक्के दिलेले असते. शिवाय शेणखत गाडीने वाहून न्यावे लागते. मेंढरे आपल्या पायांनी चालत वावरात येतात, मूत्रासकट सारे जागच्या जागी देतात आणि सकाळी उठून जातात. वनखात्याच्या वहीत त्या मेंढीचे नाव रान खाणारी म्हणून चढले. रानात खाल्लेले शेतात टाकणारी म्हणून तिचे नाव शेतकीखात्याच्या वहीतही चढावयास हवे होते. तेथे मात्र ते चढले नाही.

हा दोष त्या काळी अगदीच कोणाच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १८८९ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हे इंग्लंडातील शेतकी-रसायनज्ञ हिंदुस्थानात आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात हिंदी शेतीला खताची उणीव आहे, शेण चुलीत जळते, म्हणून रानांनी शेतकऱ्यास जळण व चारा पुरवावा, असा आग्रह आहे. पुढच्याच वर्षी सरकारने जे वनधोरण जाहीर केले, त्यात रानांचे चार वर्ग करून शेवटचा वर्ग केवळ चराईच्या कुरणांचा ठेवला. कागदावर ही फार मोठी गोष्ट होती. पण वर्ग ठरविणे निराळे आणि वर्षानुवर्षे कुरण राखणे निराळे. उत्पन्न लाकडातून येत असे. कुरणातून फुटकळ फी येई. साहजिकच ज्या रानातून पैसा येई त्या रानाची निगा झाली, आणि कुरणाचे रान सर्वांनी चरावे व कोणी राखू नये अशा स्थितीत राहिले.

वनाधिकाऱ्यांची बाजूही सांगितली पाहिजे. नव्या गवताच्या लोभाने उन्हाळ्यात रानाला आग लावण्याची वाईट चाल गुराख्यांत व मेंढपाळांत होती, आणि तिने कोवळी रोपे जळत हे खरे आहे. तोडलेल्या कुपात काही वर्षे जनावर जाऊ न देणे हेही शास्त्रशुद्ध होते. एका जागी सतत चराई झाली की मारवेलासारखे गोड गवत मरते, त्या जागी कुसळी आणि तिखाडीसारखे जनावराने तोंड न लावावे असे गवत माजते; याचा तोटा मेंढपाळासच आधी होतो. मात्र ज्या सागासाठी एवढी खबरदारी घेतली गेली, त्याची पाने जनावर सहसा खात नाही. सागाच्या रोपट्याला भय आगीचे आणि तुडवण्याचे अधिक. तेव्हा किती जनावरे, कोणत्या महिन्यात, कोणत्या तुकड्यात, हा प्रश्न विचारावयास हवा होता. विचारला गेला तो जनावर आत की बाहेर एवढाच.

राखीव रानातून हटलेली मेंढरे मालगुजाराच्या गावरानावर आली. येथे निस्ताराचा हक्क होता. 'निस्तार' हा शब्द जुन्या मध्यप्रांताबाहेर फारसा ऐकू येत नाही. गावकऱ्याने गावच्या रानातून जळण, काटी-कुडाचे लाकूड व चराई घ्यावी, असा त्याचा अर्थ. हा हक्क गावात राहणाऱ्याचा होता. फिरत्या मेंढपाळास तो नव्हता, परंतु मालगुजाराला आपल्या वावरात मेंढरे बसवून घ्यावयाची असत, त्यामुळे देण्याघेण्याने निभावून जाई. चार रात्री मालगुजाराच्या शेतात, मग गावरानात मोकळीक. मोबदला बहुधा ज्वारीत मिळे. ही व्यवस्था समतेची नव्हती, पण चालती होती.

१९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातींवरील ग्रंथात धनगरांची वस्ती मुख्यतः नागपूर, वर्धा, चांदा, निमाड आणि सबंध वऱ्हाडात सांगितली आहे; उत्तरेकडील जिल्ह्यांत मेंढपाळ ते गडरिया. छिंदवाडा या दोहोंच्या मधे पडतो. म्हणजे जेरघाट हे मेंढीच्या मराठी मुलखाचे उत्तर टोक. ती सीमा आजही आकड्यांत दिसते. २०१९ च्या पशुगणनेत मध्यप्रदेशात शेळ्या १ कोटी १० लाखांवर आहेत आणि मेंढ्या ३ लाखांच्या थोड्याच वर. शेजारच्या महाराष्ट्रात मेंढ्या सुमारे २७ लाख. घाटावरचे रान शेळीचे, घाटाखालचे मेंढीचे. नागपूर-वऱ्हाडाकडून येणाऱ्या कळपांखेरीज कच्छच्या रबारी लोकांचे तांडेही गेल्या काही दशकांत विदर्भात व मध्यप्रदेशाच्या दक्षिण भागात फिरताना दिसतात. त्यांचा संसार उंटांवर लादलेला असतो, धनगराचा घोड्यावर.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. गावरान सरकारचे झाले, आणि तलाठ्या-पटवाऱ्यांच्या दप्तरात त्या खुरट्या झाडीच्या जमिनीस नाव द्यावे लागले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. तोवर नागपूर हीच मध्यप्रदेशची राजधानी होती. आता नागपूर व विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठी सौसर-पांढुर्ण्यासह, मध्यप्रदेशात राहिला. एकाच रानाचे दोन तुकडे झाले. नव्या रेषेच्या दक्षिणेस ही जमीन 'झुडपी जंगल' म्हणून नोंदली जाते, उत्तरेस 'छोटे झाड का जंगल' म्हणून. शब्द दोन, पळस-बोरीचे रान एकच. गवताचा कोठेच उल्लेख नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

जंगल हा शब्द नोंदीत आला, याचे परिणाम चाळीस वर्षांनी दिसले. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात असे ठरविले, की सरकारी दप्तरात जी जमीन जंगल म्हणून नोंदलेली असेल, ती कोणाच्याही मालकीची असो, वनसंरक्षणाचा कायदा तिला लागू होतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या सहा जिल्ह्यांतील सुमारे ८६ हजार ४०० हेक्टर झुडपी जंगलाचा वाद त्यानंतर दीर्घकाळ चालला आणि २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ही जमीन जंगलच समजावी असा निर्णय दिला. रानावर घरे, शाळा, कचेऱ्या, स्मशाने उभी राहिली होती. चर्चा मुख्यतः त्यांची झाली. मूळची ती चरावयाची जमीन होती, ही गोष्ट त्या चर्चेत मागे पडली. जंगल ठरल्यामुळे ती जमीन इमारतींपासून वाचेल, हा मेंढपाळाचाही लाभच. मात्र तेथे रोपवन लावून कुंपण घातले गेले, तर त्याचे पावसाळ्याचे चार महिने जातील.

मेंढपाळाच्या मिळकतीची अंगेही या काळात बदलली. दख्खनी मेंढीची लोकर काळी, जाड, केसाळ. वर्षाला दोनदा कातरून साधारण अर्धा-पाऊण किलो निघते. तिची घोंगडी होई, आणि घोंगडी हे पावसातले एकमेव उबदार पांघरूण होते. गिरणीची ब्लँकेटे व प्लॅस्टिकची इरली स्वस्त झाली, तशी लोकरीची किंमत कातरणावळीलाही पुरेनाशी झाली; कित्येक ठिकाणी ती कातरून फेकून देतात. आता पैसा कोकरात आहे. मेंढी पाच महिने गाभण राहते व बहुधा एकच कोकरू देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गरोल मेंढीतील जुळे देण्याचा गुण दख्खनी मेंढीत आणून 'सुवर्णा' ही जात सिद्ध केली, हे मोठेच काम आहे. पण जुळ्यांना दूध लागते, दुधाला चारा लागतो. रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या मेंढीच्या मागे दोन कोकरे धावावयाची तर वाटेत पोटभर चारा हवा. म्हणजे फिरून प्रश्न रानाचाच.

खताचा मोबदला मात्र टिकून आहे, किंबहुना रासायनिक खत महागले तसा तो पुन्हा मोलाचा झाला. कापसावरील गुलाबी बोंडअळीने आणखी एक कारण दिले. शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात, म्हणजे उरलेल्या बोंडांतील अळ्या त्यांच्या पोटात जाऊन पुढील हंगामाचा उपद्रव घटतो, असा सल्ला आता कापूस-तज्ज्ञच देतात. धनगर हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला होता. अडचण अशी, की ओलिताची सोय वाढली, कापसामागून गहू-हरभरा येऊ लागला, संत्र्यांच्या बागांना तारा लागल्या. शेत मोकळे राहण्याचे दिवस कमी झाले आणि एका वावरातून दुसऱ्या वावरात जाण्याच्या वाटा बुजल्या.

वाटांचा हा प्रश्न इतर देशांनाही पडला होता. स्पेनमध्ये १२७३ साली राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या 'मेस्ता' या संघास सनद दिली. पुढे तो संघ इतका प्रबळ झाला, की शेतकऱ्यालाच आपले शेत राखणे कठीण होऊन बसले. १८३६ मध्ये तो विसर्जित झाला. मेंढपाळास राजाश्रय मिळाला तर तोही जुलूम करू शकतो, असे तो इतिहास सांगतो. परंतु कळपांचे जुने हमरस्ते स्पेनने बुजू दिले नाहीत. १९९५ च्या कायद्याने ते सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखले आहेत, आणि ओक वृक्षांच्या विरळ रानात आजही मेंढ्या चरतात. तेथे अशा रानास बिघडलेले जंगल म्हणत नाहीत. 'देहेसा' असे त्याला स्वतःचे नाव आहे.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक हक्कांत चराईचा हक्क स्पष्टपणे घातला, आणि तो स्थायिकांप्रमाणे फिरत्या पशुपालकांसही दिला. मात्र दावा ग्रामसभेपुढे मांडावयाचा, आणि जो पंधरा गावांच्या शिवारांतून जातो त्याने कोणत्या ग्रामसभेपुढे उभे राहावे, हे कळपासाठी सोपे नाही. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये महामेष योजना काढली. तिच्यात २० मेंढ्या व १ नर असा गट अनुदानाने मिळतो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चराईचे अनुदानही आहे. मेंढीचा अवघड काळ कोणता, हे प्रथमच एखाद्या सरकारी योजनेने महिन्यांनिशी ओळखले. ती योजना सावनेर-काटोलच्या मेंढपाळाला लागू आहे. तेथून काही कोसांवर, सौसर आणि पांढुर्ण्याच्या शिवारात, तिचा अंमल नाही; तेथील कळप मृगाचा पाऊस पडला की पूर्वीप्रमाणेच मुरमाड टेकाडांकडे वळतो, आणि नाकेदाराशी बोलणे करून चार महिने काढतो.